नदीकाठची पाणथळ आणि माशांची पिल्लं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाईपासून म्हैसाळपर्यंत कृष्णाकाठच्या ग्रामपंचायती, मच्छीमार सोसायट्या आणि मळीची जमीन असलेले शेतकरी जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. सुरुवातीला सॅलमनबद्दल थोडं आहे. पाणथळ आणि माशांची पिल्लं यांचं नातं सर्वांत बारकाईनं मोजलं गेलं ते याच माशाच्या बाबतीत.

सॅलमन म्हणजे आपला रावसच ना?

नाही. रत्नागिरी-मालवणकडून सांगली-मिरजेच्या बाजारात येतो तो रावस समुद्रातला आणि खाडीतला वेगळा मासा. इंग्रजांनी त्याला 'इंडियन सॅलमन' म्हटलं आणि हॉटेलांच्या मेनूकार्डावर ते नाव चिकटून राहिलं. खरा सॅलमन थंड प्रदेशातला. तो नदीच्या वरच्या अंगाला गोट्यांच्या तळात खळगा करून अंडी घालतो, पिल्लं नदीतून खाली समुद्रात जातात आणि काही वर्षांनी मोठी होऊन परत नदीत चढतात.

तो कृष्णेत सोडला तर जगेल का?

जगणार नाही. चिनूक जातीच्या पिल्लांना पाणी २० अंशांच्या वर गेलं की त्रास सुरू होतो आणि २५ च्या आसपास ती मरतात. उन्हाळ्यात कृष्णेचं उथळ पाणी सहज ३० अंशांपर्यंत तापतं. हा विचार इथेच सोडून द्या.

मग इथे त्याचं उदाहरण कशाला?

कारण अडचण तीच आहे. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो नदीला दोन्ही बाजूंनी बांध घातले, वर धरणं बांधली आणि त्या खोऱ्यातल्या काठच्या पाणथळींपैकी सुमारे ९५ टक्के संपल्या. नदी राहिली, पाणी राहिलं, पण पिल्लांनी खाऊन मोठं व्हायची जागा गेली. आपल्याकडे कोयना, धोम, कण्हेर आणि चांदोली धरणांनी पावसाळ्याचं सुरुवातीचं पाणी अडवलं आणि मळीच्या जमिनीत ऊस आला. ओढ्यांच्या तोंडाशी भराव टाकून रस्ते झाले. मासा वेगळा आहे, पण बंद झालेली वाट सारखीच आहे.

पुन्हा उभी केलेली पाणथळ पिल्लांना खरंच उपयोगी पडते का?

पडते, पण अटींसह. तीन ठिकाणची उदाहरणं बघा.

सॅक्रामेंटोच्या काठी योलो बायपास म्हणून सुमारे २४,००० हेक्टरचा पूर वाहून नेणारा पट्टा आहे. एरवी तिथे शेती असते आणि पुरात पाणी भरतं. तिथे शिरलेली चिनूकची पिल्लं मुख्य नदीतल्या पिल्लांपेक्षा भराभर वाढतात, हे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. पुढे २०१२ पासून तिथल्याच भातखाचरांत हिवाळ्यात पाणी भरून पिल्लं सोडली, तेव्हा ती दिवसाला सुमारे १ मिलिमीटर वाढली. गोड्या पाण्यात वाढणाऱ्या सॅलमनसाठी हा वेग फारच चांगला मानतात. कारण साधं आहे. नदीचं पाणी वाहून जातं, खाचरात ते थांबतं, ऊन खातं, बुडालेलं गवत कुजतं आणि सूक्ष्म जीवांची खाण तयार होते.

दुसरं ओरेगनमधल्या सॅलमन नदीच्या खाडीचं. तिथले बांध १९७८, १९८७ आणि १९९६ असे टप्प्याटप्प्यानं काढले. त्यानंतर पिल्लं खाडीत वेगवेगळ्या वयात येऊ लागली, कमी-जास्त दिवस मुक्काम करू लागली. सगळी पिल्लं एकाच वेळी समुद्रात न गेल्यानं एखाद्या वाईट आठवड्यात सगळी मरण्याचा धोका कमी झाला. पाणथळीचा हा फायदा वजनकाट्यावर दिसत नाही, म्हणून तो बहुतेक अहवालांत सुटतो.

तिसरं निस्क्वाली नदीच्या मुखाचं, वॉशिंग्टन राज्यात. २००९ मध्ये बांध फोडून ३०८ हेक्टर जमीन भरती-ओहोटीला मोकळी केली. पिल्लं लवकर आली, पण पाणवनस्पती लवकर आल्या नाहीत. बांधामागं अनेक दशकं कोरडी राहिलेली जमीन खचली होती आणि तिला वर आणणारा गाळ वरच्या धरणात अडकत होता. म्हणजे वाट एका दिवसात उघडता येते, बाकी सगळं वर्षांच्या हिशोबात चालतं.

आपल्याकडे काठाच्या उथळ पाण्यात कोणती पिल्लं वाढतात?

पावसाळ्यात अंडी घालणारे बहुतेक मासे. कटला, रोहू, मृगल हे मूळचे गंगेकडचे, पण आता कृष्णेत स्थिरावलेले. त्यांची अंडी वाहत्या पाण्यात पडतात, १४ ते १८ तासांत फुटतात आणि तीन दिवसांत पोटाखालची पिवळी पिशवी संपली की पिल्लाला बाहेरचं खाणं लागतं. त्या वेळी ते जेमतेम ६-८ मिलिमीटरचं असतं. समोर सूक्ष्म प्राणी नसतील तर ते जगत नाही.

इथले मूळचे म्हणाल तर कोळस, अळकूट, शिंगटा, वाम, मरळ. दख्खनच्या माशांची शास्त्रीय नोंद कर्नल साइक्सनं १८३९ मध्ये केली, तेव्हा त्यानं कोळ्यांच्या तोंडचीच नावं लॅटिनमध्ये बसवली. 'कोलस', 'मुल्या', 'खुद्री' ही नावं आजही जगभरच्या मत्स्यशास्त्रात आहेत. खडस, म्हणजे महसीर, मात्र चिखलाच्या पाणथळीतला नव्हे. त्याला वरच्या अंगाचं गोट्यांचं, वाहतं पाणी लागतं. त्याच्यासाठी खाली पाणथळ खोदून काही साधणार नाही.

मरळीचं वेगळं सांगायला हवं. तिची पिल्लं सुरुवातीला नारिंगी-तांबडी असतात आणि एका झुबक्यानं पृष्ठभागाजवळ फिरतात. लांबून पाहिलं तर पाण्यावर कुणी मूठभर मसूर टाकल्यासारखं दिसतं. नर-मादी खाली राखण करतात. ही राखणच लोकांना तिचा पत्ता देते. झुबका दिसला की गळ टाकून आई-बाप उचलतात आणि तासाभरात बाकीचे मासे पिल्लांचा फडशा पाडतात. जून ते सप्टेंबर झुबक्याजवळ गळ टाकायचा नाही, एवढा एक नियम गावानं पाळला तरी पुष्कळ झालं.

आमच्याकडे शेततळं आहे, पाझर तलाव आहे. ती पाणथळ नाही का?

माशांच्या पिल्लांच्या हिशोबानं नाही. प्लास्टिकचा कागद घातलेल्या शेततळ्यात नदीचा मासा येणार कुठून आणि जाणार कुठं? पाझर तलावात सांडव्यावरून पिल्लू खाली पडू शकतं, वर चढू शकत नाही. ही सगळी साठवण आहे. साठवण उपयोगी आहेच, पण तिच्यानं नदीतले मासे वाढत नाहीत.

जागा कशी निवडायची?

नदीपासून १००-१५० मीटरच्या आतली, सखल आणि पूर्वी कधीतरी नदीशी जोडलेली जागा बघा. सोडून दिलेला ओढ्याचा फाटा, वीटभट्टीसाठी माती काढलेली खाण, जुना डोह, पीक येत नाही म्हणून पडीक टाकलेली मळी. गावातल्या वयस्क माणसाला विचारा, पूर्वी पाणी कुठून आत यायचं. बहुतेक वेळा ती जागा आता रस्त्याच्या भरावाखाली किंवा बांधाखाली सापडते.

सांडपाण्याचा नाला येऊन मिळतो त्या ठिकाणच्या खालच्या बाजूची जागा नको. पंपाच्या चरीशेजारची पण नको, कारण पंप पिल्लं ओढून घेतो.

नदीला जोडणारं तोंड नेमकं कसं काढायचं?

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून इथे जरा सविस्तर.

आधी पातळी ठरवा. योलो बायपासच्या वरच्या टोकाला फ्रिमॉन्ट वियर म्हणून १९२४ मध्ये बांधलेला लांबलचक सांडवा आहे. नदी चांगलीच फुगली तरच त्याच्यावरून पाणी पडायचं, त्यामुळं बऱ्याच वर्षी पिल्लं आत जाऊच शकत नव्हती. उपाय म्हणून सांडव्याला दरवाजे असलेली खोल खाच पाडली, म्हणजे लहान पुरातही पाणी आणि पिल्लं आत जातील. आपल्याकडे हेच करायचं आहे. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तुमच्या जागेत जर पाणी ४० फुटांनंतरच शिरत असेल, तर ती महापुराची जागा आहे, दरवर्षीच्या पिल्लांची नव्हे.

एक पावसाळा खर्च करा. १५ जून ते १५ ऑक्टोबर काठावर फूटपट्टी रंगवलेला लोखंडी अँगल रोवून रोज सकाळी पातळी लिहा, शेजारी त्या दिवशीची आयर्विनची पातळीही लिहा. तोंडाचा उंबरठा अशा उंचीवर ठेवा की साध्या पावसाळ्यात निदान १०-१५ दिवस नदी त्याच्या वर राहील.

दुसरी मर्यादा खालची आहे आणि ती आपल्या भागातली खास. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना पावसाळा संपला की बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घालतात आणि नदी तुंबते. उंबरठा या तुंबलेल्या पातळीच्या खाली असेल तर जागा बारा महिने भरलेली राहते. मग चिलापी आणि जलपर्णी ठाण मांडतात, आणि उन्हाळ्याच्या शेवटी बरगे काढल्यावर पाणी एकदम उतरतं, त्यात सगळं अडकतं. म्हणजे उंबरठा बरग्यांच्या पातळीच्या वर आणि नेहमीच्या पुराच्या खाली. ही पट्टी काही ठिकाणी दोन-अडीच फुटांचीच निघते. ती गवंड्याच्या लेव्हल ट्यूबनं चार-पाच वेळा तपासा, डोळ्यांवर विश्वास नको.

आता माप. समजा चर ६० मीटर लांब, तळाशी २ मीटर रुंद, सरासरी १.२ मीटर खोल. काळ्या मातीत बाजू उभ्या ठेवल्या तर पाणी उतरताना ओली माती ढासळते, म्हणून उतार निदान १ला २ द्या. छेदाचं क्षेत्र (२ + २.४) × १.२ म्हणजे ५.२८ चौरस मीटर. ६० मीटरला सुमारे ३१७ घनमीटर, आपल्या भाषेत ११२ ब्रास. माती चरीच्या कडेलाच टाकू नका. पहिल्या पुरात ती परत आत येते, शिवाय नवा बांध तयार होतो आणि पाणी फक्त तोंडातूनच आत-बाहेर जातं.

पाइप टाकून काम भागवू नका. ५ सेंटिमीटरचं पिल्लू सेकंदाला ०.२५ ते ०.३ मीटरपेक्षा जोराच्या धारेत फार वेळ टिकत नाही, आणि पाइपात वेग सहज त्याच्या वर जातो. वेग मोजायचा तर १० मीटर अंतर आखून लिंबू सोडा. ४० सेकंदांच्या आत पोचलं तर धार जास्त आहे. पाइपाचं बाहेरचं तोंड पाण्याच्या वर १५ सेंटिमीटर जरी लटकत असेल, तरी लहान मासा तिथेच संपतो. रस्त्याखालून जायचंच असेल तर चौकोनी मोरी घ्या आणि तिचा तळ ओढ्याच्या तळाखाली अर्धा फूट गाडा, म्हणजे आत नैसर्गिक माती बसते.

किती खोल करायची? गाळ काढून देतो म्हणणारे तयार आहेत.

तयार असतातच, कारण त्यांना गाळ हवा असतो. गाळमुक्त धरण योजनेसारख्या कामांत पोकलेन लावून उभ्या कडांचे खड्डे होतात आणि कागदावर साठवण वाढते. पिल्लाला खोली नको, उथळ कड हवी. निम्म्याहून जास्त भाग ३० ते ६० सेंटिमीटरचा ठेवा, काठ १ला ८ किंवा १ला १० असा पसरट. तळाला तोंडाकडे उतार दर १०० मीटरला २०-३० सेंटिमीटर. मध्ये कुठेही एकटा खड्डा नको. पाणी उतरताना मासे त्यात राहतात आणि बगळ्यांचं जेवण होतात. योलो बायपासमध्येही पिल्लं अडकली ती मुख्यतः बांधकामांपाशी. जमिनीला नीट निचरा होता तिथे फार कमी.

एकच खोल जागा ठेवा, दीड मीटरची, आणि ती तोंडाला लागून. उतरत्या पाण्यात पिल्लं तिथे गोळा होतात आणि नदीत निघून जातात.

पाणी किती दिवस थांबायला हवं?

दोन आठवड्यांपेक्षा कमी थांबलं तर खाणं तयार व्हायच्या आत पाणी जातं. तीन ते सहा आठवडे उत्तम. वर्षभर नको. सॅलमनच्या बाबतीतही कॅलिफोर्नियातल्या कोसुम्नेस नदीकाठी पिल्लांची सर्वांत चांगली वाढ कायमच्या तळ्यात झाली नाही, काही काळच पाण्याखाली जाणाऱ्या गवताळ जमिनीत झाली. दरवर्षी वाळणाऱ्या जमिनीत गवत उगवतं, शिकारी मासे टिकत नाहीत, आणि तळातला गाळ हवा खातो.

पाण्यात खाणं झालंय हे कसं ओळखायचं?

बारीक नायलॉनच्या जाळीची (६० मायक्रॉनच्या आसपासची) पिशवी शिवून घ्या, खालच्या टोकाला मापाची काचनळी बांधा. वेगवेगळ्या पाच जागांवरून दहा दहा लिटर, असं ५० लिटर पाणी त्यातून गाळा. नळीत चिमूटभर मीठ टाका, जीव मरून तळाला बसतात. पंधरा मिनिटांनी बघा. १ ते १.५ मिलिलिटर थर बसला तर मत्स्यबीज केंद्रातल्या संगोपन तळ्याइतकं खाणं आहे. थर तपकिरी-गुलाबी असेल आणि मीठ टाकण्याआधी आत ठिपके टुणटुण उड्या मारत असतील, तर ते डॅफ्निया-मोइना, पिल्लांचं आवडतं. थर नुसता हिरवा असेल तर ते शेवाळ, अजून आठवडा थांबा.

शेणखत टाकून थर वाढवायचा मोह होतो. तळ्यात ते चालतं. नदीला जोडलेल्या जागेत खत टाकणं म्हणजे खालच्या गावाच्या पाण्यात टाकणं.

पहिल्या पुराचं पाणी आत घ्यायचं का?

इथे खरी ओढाताण आहे. मासे पहिल्या चढत्या पाण्याबरोबरच हलतात, पण तेच पाणी उन्हाळाभर साठलेली घाण घेऊन येतं. 'मळी' शब्दाला आपल्याकडे दोन अर्थ आहेत, नदीकाठची सुपीक जमीन आणि कारखान्यातून निघणारा काळा द्रव, आणि पहिल्या पावसात दोन्ही एकत्र येतात. मळीमिश्रित पाणी विषारी असण्याआधी भुकेलं असतं. त्यातले जिवाणू पाण्यातला सगळा ऑक्सिजन खाऊन टाकतात.

तोंडावर फळ्या बसवायच्या खाचा ठेवल्या असतील तर निर्णय हातात राहतो. पहाटे पाचला ऑक्सिजन मोजा, कारण तेव्हा तो सर्वांत कमी असतो. दुपारचा आकडा फसवतो. लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर बिनधास्त उघडा, ३ च्या खाली असेल तर फळ्या लावा. तपासणी संच नसेल तर नदीकडे बघा. लहान मासे पृष्ठभागावर तोंड काढून हवा घेत असतील, तर उत्तर मिळालं. साधारण दोन-तीन दिवसांत पाणी लाल-गढूळ होऊन वास जातो, मग फळ्या काढा. फळ्या विसरून राहिल्या तर पूर्ण हंगाम वाया जातो, आणि असं होतं.

क्षारपड जमीन वापरता येईल का? तशीही ती पडूनच आहे.

वाळवा, पलूस, मिरज भागातला हा नेहमीचा प्रश्न. पाणी दिसतं म्हणून पाणथळ म्हणू नका. उसाला पाणी जास्त झालं आणि निचरा झाला नाही म्हणून ती जमीन फुगली आहे. क्षारता मोजा. साचलेल्या पाण्याची विद्युतवाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर असेल, म्हणजे लिटरला अडीच ग्रॅमच्या पुढे क्षार, तर इतकी लहान पिल्लं तिथे आणू नका. नदीला जोडलेली आणि दर पावसाळ्यात धुतली जाणारी क्षारपड मात्र हळूहळू सुधारते. फक्त पहिल्या वर्षी माशांची अपेक्षा धरू नका.

कोणती झाडं लावायची?

काठावर वाळुंज. पावसाळ्याच्या तोंडाला अंगठ्याएवढ्या जाडीच्या, हात-दीड हात लांब फांद्या ओल्या मातीत दोन-तृतीयांश खोचल्या की रुजतात. वरच्या अंगाला करंज, उंबर, जांभूळ. आत लव्हाळा आणि थोडं पाणकणीस. पाणकणीस माजलं तर दरवर्षी निम्मं कापून बाहेर काढायचं, आत कुजू द्यायचं नाही. बेशरम मुळासकट उपटा आणि लांब वाळवा, तिचं खांड ओल्यात पडलं की पुन्हा फुटतं. जलपर्णी तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त पसरू देऊ नका.

मत्स्यबीज आणून सोडू का?

नको. वाट बरोबर असेल तर नदी स्वतः सोडते. बाहेरून बोटुकली आणून सोडली आणि मग मोजली, तर पाणथळ काम करते की नाही हे कधीच कळणार नाही. आफ्रिकन मांगूर तर कुणी फुकट दिला तरी नको. त्याच्या संवर्धनावर बंदी आहे, आणि तो समोर येईल ते खातो.

यश मोजायचं कसं?

नुसतं 'इतके मासे दिसले' याला अर्थ नाही. गर्दी म्हणजे अडकलेलेही असू शकतात. पाणथळीत आणि शेजारच्या नदीत, एकाच दिवशी, एकाच जाळ्यानं मोजा. ५ मिलिमीटर आसाचं, १० मीटर लांबीचं ओढायचं जाळं, दोन्हीकडे तीन-तीन ओढी. एका जातीची ३० पिल्लं ओल्या हातानं मोजायची आणि लगेच सोडायची. लांबी सेंटिमीटरमध्ये, वजन ग्रॅममध्ये. वजनाला १०० नं गुणा, लांबीच्या घनानं भागा. ६ सेंटिमीटर आणि २.४ ग्रॅम असेल तर २४० भागिले २१६, म्हणजे १.११. आकडा जितका मोठा, तितकं पिल्लू अंगानं भरलेलं. जातीगणिक हा आकडा वेगळा, म्हणून तुलना त्याच जातीच्या नदीतल्या पिल्लांशी. दर दहा दिवसांनी हे केलं तर वाढीची रेघ दिसते. सॅलमनवाले कानातल्या खड्याचे रोजचे थर मोजून कुठल्या दिवशी किती वाढ झाली ते काढतात. आपल्याला एवढं लागत नाही.

आणि पाणी उतरताना तोंडावर बसा. आत वाढलेलं पिल्लू बाहेर पडतंय का, हा खरा निकाल.

दोन पावसाळे झाले, पिल्लं नाहीत. काय चुकलं असेल?

बहुतेक वेळा उतरत्या पाण्याला तोंडावर कुणीतरी मच्छरदाणी लावतंय. ती रात्री लागते, पहाटे निघते, आणि सगळं वर्ष एका घमेल्यात जातं. सोसायटीशी आधी बसून ठरवा की तोंडाच्या दोन्ही बाजूंना ५० मीटर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जाळं नाही. त्यांचा तोटा नाही, मोठा मासा त्यांनाच मिळतो.

तसं नसेल तर उंबरठा गाळानं वर आला का बघा. एका पुरात अर्धा फूट गाळ बसणं काही विशेष नाही. दर मे महिन्यात लेव्हल तपासायची आणि फक्त तेवढाच गाळ काढायचा. तेही बरोबर असेल तर धरणाच्या विसर्गाकडे बघा. दरवाजे एकदम बंद होऊन नदी एका रात्रीत उतरली तर चांगल्या जागेतही पिल्लं मागं राहतात.

परवानगी कुणाची?

नदीपात्र आणि पूररेषेतलं खोदकाम म्हणजे जलसंपदा विभाग. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या. माती बाहेर नेणार असाल तर गौण खनिज म्हणून तहसीलदार. गायरान असेल तर ग्रामसभेचा ठराव आणि महसूल. मासेमारीचा ठेका असेल तर मत्स्यव्यवसाय विभाग. २०१७ चे पाणथळ नियम नदीपात्राला आणि सिंचनासाठी बांधलेल्या तलावांना लागू होत नाहीत, त्यामुळं 'पाणथळ म्हणून आपोआप संरक्षण मिळेल' या भरवशावर राहू नका.

डास वाढतील? बगळे सगळे मासे खातील?

पिल्लं असलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या टिकत नाहीत. डास होतात ते गाईच्या पावलांच्या ठशांत आणि टायरांत. बगळे खातातच. काठाला बुडालेलं गवत आणि दोन-चार आडव्या फांद्या ठेवा, लपायला जागा असली की पुरेसं जगतं.

आणि मगर?

भिलवडी, औदुंबर, सांगली पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत. नदीला जोडलेल्या जागेत त्या येऊ शकतात, 'येणार नाहीत' असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. मार्च-एप्रिलमध्ये त्या काठाच्या मऊ मातीत अंडी घालतात आणि तुमचं खोदकामही त्याच महिन्यांत असतं, म्हणून यंत्र लावायच्या आधी काठ चालून बघा. ओढत गेल्याची रेघ आणि पायांचे ठसे दिसले तर काम थांबवून वनविभागाला १९२६ वर कळवा. कपडे धुण्याचा, जनावरं पाजायचा उतार पाणथळीच्या तोंडापासून लांब ठेवा. शेळ्या, कुत्री आणि लहान मुलं संध्याकाळनंतर काठावर नकोत. कोंबडीची आतडी, मेलेलं जनावर तिथे टाकू नका, कारण मगरीला सवय लागते ती यानंच.